मृत्युपत्रांचा अंक

हशा आधी ऐकू आला. भिंतीपलीकडून, शेजारच्या वर्गातून, आणि तो कशाला आला हे मला ओळखता आलं नाही. वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याचं काही वाटलं नसतं, पण शाळेच्या वर्तमानपत्राच्या त्या अंकातला, बारावीच्या मुलांच्या गमतीच्या मृत्युपत्रांतला, एकूण एक हशा मला महिनाभर आधीपासून पाठ होता. पहिला मुख्याध्यापकांना ठेवलेल्या मनगटी घड्याळाला, कारण त्यांची 'फक्त दोन मिनिटं' पंचवीस मिनिटांची असतात. दुसरा कॅन्टीनमधल्या तळलेल्या बटाट्यांना. तिसरा दोनशे चौदा नंबरच्या कपाटातल्या वासाला. तो एका मुलानं धाकट्या भावाला ठेवला होता आणि वर लिहिलं होतं, उघडू नकोस, फक्त सांभाळ. हे तिन्ही येऊन गेले होते. चौथा वेगळा होता. तो एकदम फुटला नाही. आधी एकदोघं हसली, मग कुणीतरी मोठ्यानं वाचलं असावं, मग सगळा वर्ग हसला, आणि त्यात एक लाडिक सूर मिसळलेला, तान्ह्या मुलाकडे बघून लोक काढतात तसला. माझ्या वर्गातली नववीची मुलं शेवटच्या पानावर पोचली आणि एकेक करून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं अंक तोंडासमोर धरला. माझा गठ्ठा टेबलावर सुतळीत बांधलेला तसाच पडला होता. गाठ सुटेना, म्हणून मी वरचा अंक ओढून काढला आणि त्याचा कोपरा फाटला. शेवटचं पान, उजवीकडे खाली, चौकट.

"मी, डार्सी व्हीलन, संपादक, शुद्धीवर असताना आणि अंगात ताप नसताना, मिसेस जींना ठेवून जाते: वीस फूट दोरी. एक टोक त्यांनी स्वतःच्या मनगटाला बांधावं, दुसरं जोसीच्या पायाला, म्हणजे मोटारीत काही राहणार नाही. दोरी उरलीच तर डबा, किल्ल्या आणि आमचे निबंध."

मिसेस जी म्हणजे मी, आडनावाचं पहिलं अक्षर. मीही हसले. शिक्षिकेनं हसावं तशी, मान जरा मागे टाकून, म्हणजे मुलांना बरं वाटतं. एका मुलानं विचारलं, मिसेस जी, डबा आजसुद्धा मोटारीत राहिला का, आणि मी म्हटलं, हो, राहिला, आणि तो खरंच राहिला होता. पुन्हा हशा. मग मी फळ्याकडे वळले, काही लिहायचं नव्हतं तरी, आणि खडूचा हात वर नेऊन तशीच उभी राहिले. खडू थंड होता. माझी बोटंही थंड होती आणि खडू कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं ते मला सांगता आलं नसतं. पाठीमागे मुलं हसत होती ती डब्याला, किल्ल्यांना, मी मोटारीत विसरते त्या निबंधांना. शाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची थट्टा होते, मीही करते. पाय मात्र माझ्या लहान मुलीचा, जोसीचा होता. पाय कुठून आला ते बाराशे जणांच्या शाळेत दोघींनाच माहीत होतं. एक मी. दुसरीनं तो छापला होता.

मे महिना आला की दोन-अडीचशे मृत्युपत्रं माझ्या टेबलावर येतात. बारावीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण शाळेच्या वर्तमानपत्रात मागे राहणाऱ्यांना काही ना काही ठेवून जातो. कुणी बसमधली खिडकीजवळची जागा, कुणी स्पॅनिशच्या बाईंना न वापरलेला भूतकाळ, कुणी फुटबॉलच्या प्रशिक्षकांना आपला उजवा गुडघा, तसाही तो त्यांनीच मोडलाय म्हणून. शब्द चाळीस. नियम माझे: कुणाचं प्रेमप्रकरण नाही, दारू नाही, कुणाच्या अंगावर, वजनावर, घरावर काही नाही. मी लाल पेन्सिल घेऊन बसते आणि प्रत्येक ओळ उजेडात धरल्यासारखी बघते, कारण सतराव्या वर्षी माणूस जे विनोद म्हणून लिहितो त्यात एखादी टाचणी असते आणि ती त्याला स्वतःलाही दिसत नाही. मला दिसते. मला अशा गोष्टी दिसतात. खिडकीची कडी, गरम इस्त्रीची लोंबती वायर, गोल द्राक्ष, जे उभं कापल्याशिवाय मुलाच्या हातात द्यायचं नसतं. एकच मृत्युपत्र मला बघता येत नाही: माझ्या नावाचं. तसा इथला रिवाजच आहे. वर्तमानपत्र बघणाऱ्या शिक्षकाच्या नावाचं पाकीट संपादक बंद करतो, दुसऱ्या कुणा शिक्षकाकडून सही आणतो आणि थेट छापखान्यात देतो. या वर्षी सही व्हर्ना ल्यूकन्सची होती. व्हर्ना टायपिंग शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईल, आणि जोसी झाली तेव्हा दोन आठवडे ती आम्हाला रोज संध्याकाळी काचेच्या भांड्यातून जेवण आणून देत होती. त्या तासानंतर ती मला जिन्यात भेटली तेव्हा तिनं माझा दंड दाबला आणि म्हणाली, किती गोड लिहिलंय पोरीनं, सही करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, हो ना, गोड आहे.

ऑक्टोबरातला तो मंगळवार होता. जोसी पाच महिन्यांची. नॉर्ब, माझा नवरा, काचेच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला असतो, साडेसहाला तो भट्टीवर हजर, त्यामुळे जोसीला त्याच्या आईकडे सोडायचं ते मीच. घर, मग बुशाचं घर, मग शाळा. हा रस्ता माझे हात आपोआप चालवत. (नॉर्बच्या आईला जोसी झाल्यापासून आम्ही सगळेच बुशा म्हणतो, त्यांच्या पोलिश घरात आजीला तसं म्हणतात.) पण अंकाच्या दिवशी आधी छापखान्यात जावं लागतं, आणि छापखाना नदीपलीकडे. आमच्या गावात, टोलिडोत, त्या सकाळी इतकं धुकं होतं की पुलाचे खांबही दिसत नव्हते. छापखान्यातल्या माणसानं पेट्या डिकीत ठेवल्या, मी पावतीवर सही केली, आणि तिथून शाळेचा जो जवळचा रस्ता आहे त्यानं सरळ शाळेत आले, कारण त्या रस्त्यावर बुशाचं घर लागत नाही. एवढंच. दुसरं काही कारण नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही. जोसी मागच्या सीटवर झोपली होती. ती रडली असती तर. मी आरसा जरा खाली केला असता तर. सात पंचवीसला मी मोटार लावली, कुलूप केलं, किल्ली दोनदा फिरवून बघितली, कारण मी काळजीखोर आहे, आणि वर्गात गेले. बारावीचा तास होता. मी आजीच्या डब्यातली जुनी बटणं आणली होती. प्रत्येकाला एक बटण दिलं आणि म्हटलं, 'सुंदर' लिहू नका, 'जुनं' लिहू नका, नेमकं काय दिसतंय ते लिहा. आठ वाजून दहा मिनिटांनी मी डार्सीला किल्ल्या दिल्या आणि डिकीतल्या पेट्या आणायला पाठवलं. किल्ल्या देतानासुद्धा मला आठवलं नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, कारण लोक म्हणतील, आठवलंच असतं, आणखी पाच मिनिटांत आठवलंच असतं. डार्सी परत आली तेव्हा तिच्या हातात पेट्या नव्हत्या. ती वर्गात आली नाही, दाराच्या काचेआड उभी राहिली, आणि तिच्या कोटाच्या आत काहीतरी होतं, आणि त्याला निळी टोपी होती.

जोसीला काही झालं नाही. तिला उचकी लागली होती. पंचेचाळीस मिनिटं, बाहेर दहा अंश, काचा आतून धुरकटलेल्या. डार्सीनं नंतर सांगितलं की काचेवर आतून एक छोटा ठसा होता, पण पाळण्यासारख्या त्या सीटमधून जोसीचा हात काचेपर्यंत पोचत नाही, तेव्हा ते खरं नसणार, घाबरून तिला तसं दिसलं असणार. तरी तो ठसा मला दिसतो. मी ऑफिसात पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि जोसीला घेऊन निघाले. डार्सी मोटारीपर्यंत आली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हटलं, हे आपल्या दोघींत राहील ना? ती म्हणाली, हो, मिसेस जी. तिच्या तोंडून तो 'हो' मी काढून घेतला, मागितला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढच्याच आठवड्यात मी तिला शनिवारी संध्याकाळी जोसीला सांभाळायला येशील का म्हणून विचारलं. ती हुशार होती, जबाबदार होती, मुलांत रमायची, हे सगळं खरंच. पण त्याखाली दुसरंही काही होतं: ज्या मुलीजवळ माझं ते गुपित होतं ती माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझ्या नजरेसमोर असलेली मला बरी वाटत होती. शनिवारी आम्ही कुठे जात नव्हतो फारसं. कोपऱ्यावर मासे तळून मिळतात तिथे जायचो, आणि मी खातानाच दोनदा उठून फोन करायची. ती फोनवर म्हणायची, श्वास घेतेय, मिसेस जी, आत्ताच मोजले. ते ती हसून म्हणायची आणि त्या हसण्यानं मला धीर यायचा, कारण ते माहीत असलेल्या माणसाचं हसणं होतं. नॉर्ब म्हणायचा, बस जरा, मासा थंड होतोय. मला वाटायचं, याला काय माहीत.

डार्सी मला वर्तमानपत्राच्या खोलीत सापडली, शाळा सुटायच्या आधी. टेबलावर बसून पाय हलवत ती वार्षिकांकांवर सह्या करत होती. शेवटच्या दिवशी सगळे एकमेकांच्या अंकांवर काहीबाही लिहितात. मला बघून तिनं उडी मारली आणि स्वतःचा वार्षिकांक पुढे केला. मी दार लावलं. जिन्यापासून तिथपर्यंत मी पुष्कळ वाक्यं जुळवत आले होते, आणि त्यांतलं प्रत्येक वाक्य तिच्यापेक्षा मोठ्या माणसाला शोभेल असं थंड होतं. प्रत्यक्षात मी म्हटलं, "डार्सी. दोरी."

"आवडली?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "नाही आवडली."

"ते आपल्या दोघींत होतं."

ती गोंधळली. ती ओशाळली नाही, गोंधळली. "हो, पण ते तेव्हा," ती म्हणाली. "आता तर तुम्ही घरी हसता ना त्यावर."

"कोण म्हणालं?"

"मिस्टर जी."

मग तिनं सगळं सांगितलं, घाईघाईनं, वार्षिकांक छातीशी धरून. त्या मंगळवारी तिला जेवण गेलं नव्हतं. डोळे मिटले की ती निळी टोपी. संध्याकाळी तिनं आमच्या घरी फोन केला, मलाच करायचा होता, म्हणायचं होतं की मला हे एकटीला धरून ठेवता येत नाहीये, पण फोन नॉर्बनं उचलला आणि तिला रडू आलं. तो फार चांगला बोलला. म्हणाला, तू फार मोठं काम केलंस, आता हे माझ्यावर सोड, मी बोलतो तिच्याशी, तू फोन केलास हे मात्र तिला सांगू नकोस. पुढे ती दर शनिवारी आमच्याकडे येत राहिली आणि दर शनिवारी वाट बघत राहिली की मी काहीतरी म्हणेन. मार्चमध्ये एकदा तो तिला रात्री घरी सोडायला गेला तेव्हा तिनं मोटारीत विचारलं, बोललात का? तो म्हणाला, बोललो ग, केव्हाच. आता आम्ही हसतो त्यावर.

"म्हणून लिहिलं," डार्सी म्हणाली. "मला वाटलं, आता ती हसायची गोष्ट झालीय, तर तुम्ही सगळ्यांत जास्त हसाल. आणि तुम्हीच म्हणता, नेमकं लिही." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

बाहेर कपाटांची दारं आपटत होती, वर्षभराचा कचरा मुलं भराभर पोत्यांत भरत होती. ही पोर शनिवारी पदवीदानाची टोपी घालून व्यासपीठावरून चालत जाईल, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या गावी, ज्या कॉलेजला मी तिच्यासाठी दोन पानी शिफारस लिहिली होती तिथे. मी म्हटलं, सांगितलं होतं ग. छापलेलं बघून जरा दचकले, एवढंच. ती माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना स्ट्रॉबेरीचा वास होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मला जाणवलं की माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं गेलंय. दिवसभर मी जिच्यावर राग धरून चालत होते ती मुलगी निरपराध निघाली होती, आणि राग हातात तसाच उरला होता, जड, ठेवायला जागा नसलेला. तिच्या वार्षिकांकात मी माझं नाव लिहिलं. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून तारीख लिहिली.

बुशाच्या घराकडे मी मोटार सावकाश नेली. आठ महिने मी त्या रस्त्यानं जात होते आणि त्या दुपारी तो रस्ता कुणीतरी उलटा करून ठेवल्यासारखा दिसत होता. बुशा सकाळी सातला व्हरांड्यात उभी असते. जानेवारीत, उणे बारा अंशांत, अंगावर कोट, डोक्याला रुमाल. मला वाटायचं, नातीची ओढ. माझी मोटार थांबायच्या आत ती मागचं दार उघडते, मी वळून बघायच्या आत पट्टा सोडवते, आणि म्हणते, तू उतरू नकोस कोरीन, उशीर होईल तुला. मला वाटायचं, माया. तिच्या स्वयंपाकघरात फोनशेजारी आमच्या शाळेच्या ऑफिसचा नंबर चिकटवलेला आहे, नॉर्बच्या मोठ्या अक्षरात, आणि खाली 'सात वीस'. मला वाटायचं, शाळेची वेळ लिहिलीय, चुकीची लिहिलीय, सांगायला हवं. ती शाळेची वेळ नव्हती, तोवर जोसी पोचली नाही तर शाळेत फोन करायची होती. आणि दहाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येणारा नॉर्बचा फोन. काय करतेस, सकाळ कशी गेली, जोसी नीट गेली का. व्हर्ना फोन माझ्या हातात देताना डोळे मिचकावायची, आठ वर्षं झाली तरी तुझ्या नवऱ्याचं प्रेम ओसरत नाही म्हणायची, आणि मी लाजायची. मी खरोखर लाजायची. आता सिग्नलला थांबून मागच्या सीटकडे वळून बघताना, कारण मी प्रत्येक सिग्नलला बघते, रिकामी असली तरी बघते, मला ती लाज आठवली आणि कानशिलं तापली. ते सगळे माझ्याभोवती हात धरून उभे होते आणि मला वाटत होतं की मी एकटी उभी आहे. एकटी असणं इतकं वाईट नव्हतं, असं मला त्या सिग्नलला वाटलं.

बुशा अंगणात जोसीला मांडीवर घेऊन वाटाणे सोलत होती आणि जोसी शेंगा चोखत होती. मी विचारलं, बुशा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? तिनं काय ते विचारलं नाही. वाटाण्याचं भांडं गवतावर ठेवलं, जोसीच्या तोंडातून शेंगेचा दोरा काढला, आणि म्हणाली, "पोर जिवंत आहे. बाकी माहीत असायला काय आहे?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली की नॉर्ब म्हणाला होता, तिला कळू देऊ नकोस, ती मोडेल. त्या सकाळी जोसीला उशिरा तिच्याकडे सोडताना मी टायर पंक्चर झाला म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा तिनं माझे हात बघितले होते. ते स्वच्छ होते. पण सुनेला खोटं पाडून काय मिळतं. जोसी माझ्याकडे झेपावली. मी तिला घेतलं आणि तिच्या मानेत तोंड घातलं, तिथे वाटाण्यांचा आणि बुशाच्या साबणाचा वास होता, माझ्या घरचा नव्हता. मोटारीत बसवताना बुशा मागे आली, पण या वेळी पट्ट्याला तिनं हात लावला नाही. मी लावत असताना ती बघत राहिली.

घरी नॉर्ब मागच्या पायरीवर जाळीचं दार आडवं टाकून नवीन जाळी ठोकत होता. कारखान्यातून येऊन तो आंघोळ करतो आणि लगेच काहीतरी दुरुस्त करायला घेतो. बसलेला मी त्याला फारसा बघितला नाही. जोसी मोटारीतच झोपली होती. तिला मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या तिच्या खोलीत ठेवलं, दार अर्धं उघडं ठेवलं, आणि अंक घेऊन बाहेर आले. तो खूश झाला. तो याच शाळेत शिकलेला, त्याचं स्वतःचं मृत्युपत्र बुशाच्या खणात अजून आहे. त्यानं शेवटच्या बाकावरची जागा ज्याला झोप येत असेल त्याला ठेवली होती. तो हातोडी बाजूला ठेवून मोठ्यानं वाचायला लागला. मुख्याध्यापकांच्या घड्याळाला हसला, हा माणूस अजून तसाच आहे म्हणाला, आमच्या वेळीसुद्धा. गुडघ्याला हसला. शेवटचं पान उलटलं, 'मी, डार्सी व्हीलन' एवढं मोठ्यानं वाचलं, आणि पुढचं मनात. हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, आवाज तेवढा गेला. जाळीचे दोन खिळे अजून त्याच्या मुठीत होते ते त्यानं खिशात टाकले.

"बोललीस तिच्याशी," तो म्हणाला.

"ती मला विचारत होती, तू सांगितलं होतंस ना."

त्यानं अंकाची घडी घालून पायरीवर ठेवली. मग म्हणाला की पहिला आठवडा तो थांबला होता, मी सांगेन म्हणून. रोज संध्याकाळी त्याला वाटायचं, आज सांगेल. मी पंक्चरची गोष्ट सांगितली, तीही दुसऱ्या दिवशी थोडी वाढवून सांगितली, कोण माणूस मदतीला आला वगैरे, आणि ते त्याला ऐकवेना. मग महिना गेला. मग आता विचारलं तर इतके दिवस गप्प का होतास म्हणशील, म्हणून आणखी महिने गेले. आणि ती पोर मोटारीत विचारत होती, तिला काय सांगायचं होतं? हे सगळं तो जाळीकडे बघून बोलला. त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या खोट्यावरच त्यानं त्याचं खोटं उभं केलं होतं, हेही खरं होतं, आणि त्यामुळे ते कमी लागत नव्हतं.

"आठ महिने तू माझ्यावर पाळत ठेवलीस," मी म्हटलं.

"तुझ्यावर नाही. जोसीवर नजर ठेवली."

शेजारच्या अंगणात गवत कापायचं यंत्र सुरू झालं, थोडं चाललं, बंद पडलं. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले. मला एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं आणि त्या दमण्यात एक प्रकारची मोकळीकही होती, की आता लपवायला काही नाही, निदान हे तरी. मी म्हटलं, मी सांगते तुला. त्या सकाळचं.

"मला माहीत आहे, कोरीन. कशाला पुन्हा."

"तुला डार्सीचं माहीत आहे," मी म्हटलं. "माझं ऐक."

आणि तो ऐकायला लागला, हे मला कबूल केलं पाहिजे. हात गुडघ्यांवर ठेवून, माझ्याकडे वळून. मी त्याला धुकं सांगितलं, पूल सांगितला, छापखान्याच्या माणसाची पावती, दोनदा फिरवलेली किल्ली. बटणांचा डबा सांगितला. कुणाला कसलं बटण आलं ते सांगितलं, एका मुलाला सैनिकी कोटाचं पितळी आलं होतं आणि त्यानं लिहिलं होतं की याला अजून कुणाच्या तरी घाईचा वास येतो, आणि सगळा वर्ग थक्क झाला. नॉर्ब हसला जरासा. मी सांगत गेले, आणि सांगताना ती सकाळ माझ्याभोवती पुन्हा उभी राहिली, उबदार, खडूच्या वासाची, आणि मला कळलं की मी कुठे चाललेय, आणि थांबता येत होतं तरी मी थांबले नाही, कारण आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे माझं बोलणं ऐकण्यासाठी बघत होतं. मी म्हटलं, तुला माहीत आहे, जोसी झाल्यापासून माझे दंड सारखे दुखायचे, झोपेतसुद्धा, ती हातात नसतानासुद्धा. त्या तासाला दुखत नव्हते. मी फळ्यापासून खिडकीपर्यंत चालत होते आणि मला वाटत होतं, आज काय झालंय, आज मी इतकी हलकी का आहे. मुलं मी बोलेन त्याला हसत होती. मी तसा तास पुन्हा कधी घेतला नाही. मी आनंदात होते, नॉर्ब, त्या पंचेचाळीस मिनिटांत मी इतकी...

त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलली. एकदाच, क्षणभर, माझ्या खांद्यावरून, स्वयंपाकघराच्या पलीकडे, जोसीच्या अर्ध्या उघड्या दाराकडे गेली, आणि लगेच परत आली. परत आली तेव्हा ती आधीइतकीच प्रेमळ होती. त्याला कळलंसुद्धा नसेल.

"सांग ना," तो म्हणाला. "ऐकतोय मी."

"मग डार्सी पेट्या आणायला गेली," मी म्हटलं. "पुढचं तुला माहीत आहे."